बर्फाला वास, मशिनवर पांढरा थर: खान्देशच्या पाण्यात आइस मेकर कसा सांभाळावा

भुसावळकडच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: घरी टेबलावर ठेवायचं बर्फाचं मशीन आहे, दोन उन्हाळे चांगलं चाललं. आता बर्फ पांढरट आणि पातळ पडतो, त्याला कुबट वास येतो, आणि टाकी भरलेली असूनही ‘पाणी भरा’चा दिवा लागून मशीन थांबतं. पाणी बोअरचं आहे. एकाने बघून ‘गॅस संपला’ म्हणून सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-जावई येणार, त्याआधी हे घरच्या घरी साफ होईल का, व्हिनेगर चालेल की ब्लीच, आणि किती दिवसांनी करायचं?

ताई, गॅस भरायला आत्ता अजिबात देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी एकाच कारणाने होऊ शकतात, आणि ते कारण म्हणजे पाणी. मी फ्रिज-एसीचं काम करतो. आपल्या भागात अशी जी मशिनं माझ्याकडे येतात, त्यातली बरीचशी पार्ट न बदलता नुसत्या सफाईने परत जातात. आधी स्वच्छ करा, मग बिघाड शोधा. उलटं केलं की पैसे जातात आणि दुखणं तिथेच राहतं.

हे मशीन चालतं कसं ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. खाली टाकी, तिच्यातून छोटा पंप पाणी वरच्या ट्रेमध्ये चढवतो. ट्रेमध्ये बोटाएवढ्या धातूच्या पिना बुडलेल्या असतात, बहुतेक मशिनांत त्यांच्यावर निकेलचा मुलामा असतो. आतून थंड गॅस फिरतो, सहा ते दहा मिनिटांत प्रत्येक पिनेभोवती बर्फाची टोपी धरते. मग गरम गॅस सोडून पिना क्षणभर तापवल्या जातात, टोप्या सुटतात आणि एक फावडी त्यांना जाळीच्या टोपलीत ढकलते. टोपलीला स्वतःचं कूलिंग नसतं. तिथला बर्फ वितळला की ते पाणी पुन्हा टाकीत, आणि तेच पाणी पुन्हा वर. म्हणजे सकाळी टाकीत पडलेला हात, चमचा, धूळ जे काही असेल ते दिवसभर त्याच पाण्यात फिरत राहतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पाणी गोठताना क्षार शक्यतो बाहेर ढकलतं. पिनेवर धरणारा बर्फ त्यातल्या त्यात शुद्ध, आणि मागे राहिलेलं पाणी आणखी जड. अर्ध्या टाकीचा बर्फ काढून घेतलात तर उरलेल्या पाण्यातले क्षार दुपटीकडे जातात. त्यावर तुम्ही वरून पुन्हा बोअरचं पाणी ओतता. आठवडाभर असं टॉप-अप चाललं तर टाकीत काय तयार होतं, हे तुमच्या कूलरच्या गवताच्या पॅडवर उन्हाळ्याच्या शेवटी जमलेली पांढरी खरपुडी बघा म्हणजे कळेल. तिथे पाणी उडून जातं, इथे ते बर्फ होऊन निघून जातं. मागे राहणारा माल तोच.

आपल्याकडे हा त्रास जास्त का, तर जमिनीखाली काळा पाषाण, आणि त्यातून येणारं बोअरचं-विहिरीचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. धरणाचं पाणी त्या मानाने हलकं, जळगाव शहराला वाघूरचं मिळतं तसं. पण नळाला रोज पाणी नसतं तिथे गच्चीवरच्या टाकीत बोअरचं मिसळतंच. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस 10500, त्यात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलंय. माणसाला 600 चालून जाईल, या पिनांना आणि पंपाला नाही.

आता तुमच्या तक्रारींकडे येतो. पिनांवर क्षाराचं कवच बसलं की थंडी पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून बर्फ पातळ. हात स्वच्छ धुऊन, मशीन बंद करून पिनेवरून बोट फिरवा. नवी पिन काचेसारखी गुळगुळीत लागते, थर चढलेली पॉलिश पेपरसारखी खरखरते, आणि पाण्याच्या पातळीपाशी एक पांढरी कडी दिसते. त्या खरखरीत पिनेला बर्फ चिकटून बसतो आणि सुटत नाही. ‘पाणी भरा’चा दिवा लागतो कारण पंपाची जाळी किंवा पंपातली फिरकी क्षाराने अडकलेली असते. ठरलेल्या वेळात ट्रे भरला नाही की मशीन समजतं टाकी रिकामी. टोपलीच्या बाजूला, भिंतीत, बर्फ भरला की नाही ते ओळखणाऱ्या सेन्सरचे दोन छोटे काळे किंवा पारदर्शक डोळे असतात. त्यांच्यावर थर चढला की उलटा गोंधळ होतो: टोपली रिकामी आणि दिवा ‘बर्फ भरला’चा.

बर्फ पांढरा असण्याची मात्र एवढी काळजी करू नका. या मशिनांचा बर्फ भराभर गोठतो, त्यात हवा अडकते, म्हणून तो थोडा दुधी असणारच. खरी खूण ग्लासात दिसते. बर्फ वितळल्यावर तळाशी बारीक पांढरी भुकटी बसत असेल तर ती चुन्याची आहे. गोठताना एकदा वेगळी झाली की ती पाण्यात सहजी पुन्हा विरघळत नाही. तिने अपाय होत नाही, पण पाणी जड आहे हे ती ओरडून सांगते.

वास हा वेगळा विषय आहे, तिथे क्षाराचा दोष नाही. टाकीच्या कोपऱ्यात, झाकणाच्या रबरात आणि पंपाकडून वर जाणाऱ्या सिलिकॉनच्या नळीत बुळबुळीत थर धरतो. कधी गुलाबीसर, कधी काळे ठिपके. जिवाणू आणि बुरशी. ‘बर्फात काय जगतंय’ असं पुष्कळ जण म्हणतात, पण गोठल्याने जंतू मरतात हा गैरसमज आहे. टायफॉइडचे, काविळीचे जंतू बर्फात तग धरतात आणि सरबतात वितळून बाहेर येतात. बर्फ हे खायचं जिन्नस आहे, तो हाताने न उचलता चिमट्याने किंवा पळीने उचलायचा. जाता जाता सांगतो, कारखान्यातली लादी फोडून सरबतात टाकणाऱ्यांसाठी: खाण्याचा नसलेला बर्फ निळ्या रंगाने ओळखू यावा असा नियम आपल्या राज्यात 2018 पासून आहे. निळसर लादी मासे किंवा बाटल्या गार करायला, पोटात घालायला नाही.

आता प्रत्यक्ष काम. संध्याकाळी निवांत करा, घाईत नको. प्लग काढा. टोपली आणि फावडी निघत असेल तर काढून भांड्याच्या साबणाने, मऊ स्पंजने धुवा. तारेची घासणी वापरायची नाही, तिच्या ओरखड्यांत पुढच्या वेळी शेवाळ आधी धरतं. खालची किंवा बाजूची ड्रेनची बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करा. शेवटचं पाणी निघत नसतं, मशीन बुचाच्या बाजूला किंचित कलतं धरा, पण आडवं पाडू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं.

क्षारासाठी माझी पसंती लिंबूफुलाला, म्हणजे सायट्रिक ॲसिडला. किराणा दुकानात सहज मिळतं, स्वस्त असतं आणि मागे वास ठेवत नाही. एक लिटर पाण्याला 20 ग्रॅम, म्हणजे सपाट दीड-दोन मोठे चमचे. हे पाणी आरओचं किंवा गाळलेलं घ्या. बोअरच्या पाण्यात केलंत तर निम्मं आम्ल त्या पाण्यातलाच चुना खाऊन टाकतं. आणि पाणी साधं किंवा जेमतेम कोमट. उकळतं ओतलं की प्लास्टिक वाकडं होतं, शिवाय गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेट नावाचा नवा पांढरा गाळ बसतो, तो काढणं जास्त कटकटीचं.

हे टाकीत ओता, प्लग लावा, आणि ‘सेल्फ क्लीन’चं बटण असेल तर ते चालू करा. त्या बटणाबद्दल लोकांचा फार गोड समज असतो. ते नुसतं पंप फिरवून पाणी खेळवतं. साध्या पाण्याने चालवलंत तर मशीनने चूळ भरली, एवढंच. लिंबूफुलाचं पाणी फिरायला लागलं की ट्रेमध्ये बारीक बुडबुडे दिसतील, तो चुना विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड आहे. एक फेरी झाली की बंद करून वीसेक मिनिटं तसंच राहू द्या, पुन्हा एक फेरी. बुडबुडे थांबले आणि पिना अजून खरखरीत असतील तर द्रावण मेलं, ते काढून ताजं घाला. जोर वाढवण्यापेक्षा दोनदा करणं बरं, कारण कडक आम्लात रात्रभर बुडवून ठेवलं तर निकेलचा मुलामा सुटतो. पिनांवर चांदीसारख्या पापड्या निघालेल्या किंवा खालचं तांबं डोकावताना दिसलं, तर त्या मशिनचा बर्फ खाण्यात वापरू नका. त्यावर सफाईचा इलाज नाही.

बटण नसलेल्या मशिनात तेच पाणी घालून बर्फाच्या दोन-तीन फेऱ्या घ्या आणि तो बर्फ बेसिनमध्ये टाकून द्या. जिथे पंप पोचत नाही, म्हणजे पिनांची वरची बाजू, ट्रेच्या कडा आणि ते सेन्सरचे डोळे, तिथे त्याच पाण्यात बुडवलेला जुना मऊ ब्रश किंवा कापसाचा बोळा. डोळे शेवटी कोरड्या सुती कापडाने पुसा.

व्हिनेगर चालतं. पांढरं, अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी. पण त्याचा वास रबरात आणि नळीत बसतो आणि पुढचे दोन दिवस पन्ह्यालाही लोणच्याची चव येते. घरात आहेच तर वापरा, मुद्दाम आणू नका. बाथरूमच्या फरश्यांचं ॲसिड मात्र बाटलीचं झाकणसुद्धा उघडायचं नाही. एका गृहस्थांनी ते पातळ करून घातलं होतं, क्षारासकट पिनाही गेल्या. आणि चाकूच्या टोकाने खरवडणं? पिनेला भोक पडलं की गॅस गेला, मशीन भंगारात. नव्या मशिनांत बरेचदा आर 600 ए गॅस असतो, तो ज्वालाग्राही आहे, त्यामुळे तिथे चाकू, हीटगन, हेअर ड्रायर असले प्रयोग धोक्याचे.

ब्लीचचं विचारलंत. क्षारावर त्याचा काही उपयोग नाही, ते फक्त जंतूंसाठी. आणि एक नियम दारावर लिहून ठेवण्यासारखा: ब्लीच आणि लिंबूफूल किंवा व्हिनेगर कधीही एकत्र नाही, एकापाठोपाठ घाईतही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात तो छातीला भिडतो. वास फारच असेल तर आम्लाची सफाई, तीन-चार वेळा साध्या पाण्याने धुणं, आणि ब्लीचचं काम दुसऱ्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून. सुगंध नसलेलं, 4 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक लिटर पाण्यात 5 मिलि, म्हणजे एक छोटा चमचा. ते टोपली, फावडी आणि टाकीच्या भिंतींना लावा, दोन मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. पिनांवर ते साचू देऊ नका, धातूला डाग पडतात. एवढं करूनही वास राहिला तर नळी बदलून घ्या. सिलिकॉनची वीतभर नळी, किंमत किरकोळ. जुनी कापून उभी चिरून पाहिलीत तर आतला पिवळट गिळगिळीत अस्तर बोटाने सोलून निघतो. तो धुऊन जात नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच पटतं.

सगळं झाल्यावर स्वच्छ पाण्याने किमान तीन वेळा फिरवून काढा आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा बर्फ फेका. चौथ्या फेरीतला एक तुकडा चाखून बघा. आंबट लागला तर अजून एक धुणं.

सफाईनंतरही ‘पाणी भरा’चा दिवा लागला तर घाबरू नका, पंपात हवा अडकलेली असू शकते. टाकी अर्धी भरा, मशीन बंद-चालू करा, हलकेच टिचक्या मारा. तरीही पंपाचा घूंघूं आवाज येऊन पाणी चढत नसेल तर जाळी पुन्हा बघा. आवाजच नसेल तर पंप गेला, तो बदलता येतो.

किती दिवसांनी? रोज वापर असेल तर रात्री टाकी रिकामी करायची, कापडाने पुसायची आणि झाकण उघडं ठेवायचं. यात तीन मिनिटं जातात आणि वासाचा प्रश्न जवळपास इथेच संपतो. साबणाची धुलाई आठवड्याला. लिंबूफूल बोअरच्या पाण्यावर दोन-तीन आठवड्यांनी, आरओच्या पाण्यावर दोन-तीन महिन्यांनी. पण तारखेपेक्षा बोटावर विश्वास ठेवा: पिन खरखरायला लागली की वेळ झाली.

पाणी सुधारलं तर यातलं निम्मं काम वाचेल. घरात आरओ असेल तर तेच वापरा. काही मशिनांत पाण्यातून वीज वाहते का यावर पातळी ओळखतात, त्यांना फार कमी टीडीएसचं, म्हणजे फार कमी क्षार विरघळलेलं, पाणी दिसतच नाही, तेव्हा त्यात थोडं साधं पाणी मिसळायचं. आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं उकळा, रात्रभर निवू द्या, आणि तळाचा गाळ न हलवता वरचं गाळून घ्या. कठीणपणाचा बराच भाग भांड्याच्या बुडाला बसतो. तुरटी फिरवून हे होत नाही. तुरटीने गढूळपणा बसतो, कठीणपणा तिथल्या तिथे.

आता उन्हाचं. मशिनच्या मागे पट्टी असते, तिच्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. ‘एन’ म्हणजे 32 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ 38 पर्यंत, ‘टी’ 43 पर्यंत. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास फिरतो, आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात भर दुपारी ‘एन’ क्लासच्या मशीनने बर्फ कमी दिला तर ते बिचारं काय करणार. पहाटे किंवा रात्री चालवा आणि बर्फ डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका. टाकीत नळाचं तापलेलं पाणी ओतू नका, माठातलं किंवा फ्रिजमधलं ओता. 35 अंशांऐवजी 15 अंशांचं पाणी घातलं तर कॉम्प्रेसरला काढायची उष्णता साधारण सहाव्या हिश्श्याने कमी होते. चारही बाजूंनी वीतभर जागा हवी, गॅसच्या शेगडीशेजारी तर नकोच.

बाजूच्या जाळीमागे कंडेन्सर असतो, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारा भाग, तो कोणी साफ करत नाही. खान्देशात तो गावाप्रमाणे भरतो. जिनिंगच्या आसपासच्या घरांत कापसाचे तंतू त्याच्या फिन्सवर, म्हणजे पातळ पत्र्यांवर, असे बसतात की ब्रशने ओढलं की नमद्याचा अख्खा तुकडा हातात येतो. नंदुरबार-दोंडाईच्याकडचं मशीन ब्लोअरने उडवायचं तर आधी तोंडाला रुमाल बांधतो आणि अंगणात नेतो, मिरचीची लाल धूळ घरात उडली की सगळं घर ठसकत बाहेर येतं. तुम्ही घरी मऊ रंगाच्या ब्रशने, फिन्सच्या दिशेने, वरून खाली झाडा. पाणी मारू नका. महिन्यातून एकदा पुरे. फिन्स कोंदल्या की बर्फ पातळ पडतो, आणि मग त्यालाही ‘गॅस संपला’ म्हणतात.

वीज गेली आणि लगेच आली तर तीन ते पाच मिनिटं थांबून मगच चालू करा. शेतातले पंप सुरू असताना व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा, आणि अर्थिंग तपासून घ्या, कारण हे पाण्याचं यंत्र आहे. पावसाळ्यात बांधून ठेवताना लिंबूफुलाची एक फेरी, नंतर साध्या पाण्याच्या दोन-तीन फेऱ्या, पूर्ण निचरा, आणि झाकण उघडं ठेवून दोन दिवस वाळवणं. मग उभ्यानेच ठेवा, सुती कापड टाकून. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की आत बुरशी येते. धान्याच्या खोलीत ठेवू नका, उंदीर वायर कुरतडतात.

हे सगळं करूनही बर्फ पातळच राहिला तर एक तपासणी करा. रात्रीच्या गारव्यात, थंड पाण्याने, मशीन दहा मिनिटं चालवून पिना पाहा. सगळ्या पिनांवर सारखा बर्फ असेल तर गॅस ठीक आहे. काहींवर बर्फ आणि काही कोरड्या, किंवा कॉम्प्रेसर चालू असून पिना नुसत्या गार, असं असेल तर गॅस खरंच गळत असू शकतो. मेकॅनिकला फोनवर हेच शब्द सांगा, आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरू देऊ नका, नाहीतर पुढच्या महिन्यात तोच खर्च. गळती पिनांमध्येच निघाली तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. नवं घेताना ‘टी’ क्लासचं बघा, टोपली आणि फावडी दोन्ही सुटी निघतात का ते दुकानातच काढून बघा, आणि ड्रेनची बूच टाकीच्या अगदी तळाला आहे ना, तेवढं खाली वाकून तपासा.